कॉरिंथचे मातीचे पाय आणि देवाचं निर्माल्य

रानजाई

गेल्या महिन्यात ग्रीसला जाऊन आले. अक्रोपोलिसचे फोटो टाकायला हा धागा काढलेला नाही, ते आंतरजालावर पोत्यानं आहेत. मला लिहायचंय ते पायांबद्दल. मातीच्या पायांबद्दल.

प्राचीन कॉरिंथच्या अवशेषांना लागूनच एक छोटं संग्रहालय आहे. तिथे काचेमागे माणसांचे अवयव मांडलेत. पाय, हात, कान, स्तन, पुरुषांची जननेंद्रियं. सगळे भाजक्या मातीचे आणि बरेचसे खऱ्या मापाचे. नवरा म्हणाला, "कापडाच्या दुकानातले पुतळे मोडून ठेवल्यासारखं दिसतंय." त्याला हसू येत होतं, मला येईना. एक पाय मांडीपासून खालचा आहे. बोटं नीट वेगळी केलेली, नखांच्या जागी कोरणीची रेघ आणि मांडीच्या वरच्या कडेला एक भोक. दोरी ओवून टांगायचं भोक! कुणीतरी हा पाय घेऊन आलं, देवळात खिळा शोधला आणि टांगून गेलं. काहींवर रंगाचे अंश अजून आहेत, पुरुषांच्या अवयवांना लाल आणि बायकांच्या अवयवांना पांढरा.

देव कोण, तर अस्क्लेपिओस. अपोलोचा मुलगा, वैद्यांचा देव. काठीला वेटोळं घालून बसलेला साप ही त्याची खूण. कॉरिंथचं त्याचं देऊळ शहराच्या उत्तर टोकाला, तटाजवळ आणि पाण्याच्या झऱ्याशेजारी होतं. अमेरिकन पुरातत्त्व मंडळींनी १९२९ ते १९३४ या काळात ते खणलं. त्यात हे शंभरावर अवयव मिळाले, साधारण इ.स.पू. ५व्या शतकाच्या शेवटापासून ४थ्या शतकापर्यंतचे.

आता मला ज्यासाठी लिहावंसं वाटलं ते. हे अवयव भिंतीवर सापडले नाहीत, खड्ड्यांत सापडले. देऊळ भरलं, नवे नवस टांगायला जागा उरेना, मग पुजाऱ्यांनी जुने उतरवले. पण उतरवलेलं टाकायचं कुठे? देवाला वाहिलेली वस्तू देवाची. ती विकता येत नाही, परत देता येत नाही आणि उकिरड्यावर तर नाहीच नाही. म्हणून देवळाच्याच आवारात खड्डा खणून पुरायची. आपण निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, पिशवीत साठवून नदीवर नेतो, तसंच हे. फरक एवढाच, की आपलं निर्माल्य वाहून जातं आणि त्यांचं बावीस-तेवीस शतकं जागच्या जागी राहिलं.

या विषयावर थोडंफार वाचलंय त्यावरून सांगते, भूमध्य समुद्राच्या काठच्या सामान्य माणसाच्या धर्माबद्दल जे कळतं त्यातलं पुष्कळसं या निर्माल्याच्या खड्ड्यांतून आलेलं आहे. संगमरवरी देवळं राजे आणि नगरं बांधत. मातीचा पाय मात्र गुडघे धरलेल्या कुणा माणसानं चार पैसे मोजून घेतलेला असतो.

एक घरगुती गोष्ट. आईकडे पितळेची एक डबी आहे, तीत चांदीच्या पातळ पत्र्याचे दोन डोळे आहेत, आजीचे. म्हणजे आजीनं ठेवलेले. लहानपणी आम्ही ते भातुकलीत घ्यायचो आणि मार खायचो. त्या काचेसमोर उभी होते तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला की हे डोळे कुणाचे, कुठल्या देवीला वाहायचे होते, आणि वाहायचे होते तर डबीत काय करतायत?

जाणकारांनी लिहावं. खापरवेडा, तुमची वाट बघतेय.

———

अर्धा_चहा

पहिला! वाचतोय. फोटो?

———

रानजाई

फोटो भावाच्या हार्ड डिस्कमध्ये अडकलेत. तोवर शब्दांवर भागवा.

———

तिरकस_पेठकर

लेख छान. पण मूळ मुद्दा सोडून चालणार नाही. देवाला पाय वाहिला म्हणून पाय बरा होतो हे तेव्हाही खोटं होतं आणि आजही. तुकोबांचा नवऱ्याबद्दलचा प्रश्न सगळ्यांना पाठ आहे, परत लिहीत नाही. ग्रीक लोक तर्कशास्त्राचे बाप, त्यांच्याकडेही ही अडाणी प्रथा होती हे वाचून वाईट वाटलं.

———

खापरवेडा

पेठकर, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या जातीचे लोक तेव्हाही होते. समोथ्रेस बेटावर समुद्रातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेल्या वस्तूंचा ढीग असे. कुणीतरी मेलोसच्या डायागोरसला तो दाखवून म्हणालं, बघ, देव किती जणांना तारतो. तो म्हणाला, बुडालेल्यांनी वाहिलं असतं तर ढीग याहून मोठा झाला असता. हाच किस्सा काही जण डायोजेनिसच्या नावावर खपवतात. चांगल्या टोमण्याला धनी बरेच मिळतात.

रानजाई, निर्माल्याची उपमा चपखल. आम्हाला शिकताना 'विधिपूर्वक पुरलेला संचय' असलं काहीतरी जड पाठ करायला लावलं होतं. निर्माल्य म्हटलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

पण एक लक्षात घ्या. त्या पायाकडे बघून तो दुखणं असतानाचा आहे की बरं झाल्यानंतरचा, हे सांगता येत नाही. नवस बोलताना वाहिला की फेडताना? मराठीत 'बोलणं' आणि 'फेडणं' असे दोन धडधडीत वेगळे शब्द आहेत. मातीत ते वेगळे दिसत नाहीत. त्यातून कॉरिंथच्या अवयवांवर कोरलेली अक्षरं जवळजवळ नाहीतच. इटलीतही असे अवयव मिळतात, तेही बहुतेक मुकेच.

———

डॉ_खडीसाखर

मी हाडांचा डॉक्टर, इतिहासाचा नाही. तरी व्यवसायबंधूंच्या देवाचा धागा म्हणून आलो.

मला कुतूहल असं की या अवयवांवर रोग दिसतो का? सूज, गाठ, वाकडं हाड, व्रण? असेल तर जुन्या रोगांचा नकाशाच मिळाला म्हणायचा.

अवांतर: अस्क्लेपिओसच्या काठीवर साप एकच. दोन साप आणि वर पंख असलेली काठी हर्मीसची. तो व्यापाराचा, वाटसरूंचा आणि चोरांचा देव. आमच्यातले बरेच जण गाडीवर दुसरीच चिकटवून फिरतात. कुणी चूक म्हणतं, मी काही बोलत नाही.

———

तिरकस_पेठकर

डॉक्टर, पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

———

खापरवेडा

डॉक्टरसाहेब, नेमका तिथेच सगळ्यांचा हिरमोड होतो. बहुतेक अवयव ठणठणीत आहेत. देखणा पाय, सरळ बोटं. दुखणारा पाय आणून देत नव्हते, हवा असलेला पाय देत होते म्हणा. किंवा मिळालेला.

रोमच्या पूर्वेला पोन्ते दि नोना म्हणून जागा आहे. १९७०च्या दशकात तिथे खणलं तर मातीचे नवस निघाले ८ हजारांच्या वर, आणि त्यांत पाय आणि हात मुबलक. उत्खनन करणाऱ्यांनी म्हटलं, आसपास शेतकरी वस्ती, दिवसभर उघड्यावर राबणारी माणसं, हातापायांची दुखणी असणारच. पटण्यासारखं आहे. पण दुसरे म्हणाले, कशावरून? पाय म्हणजे 'मी चालत इथवर आलो' असंही असेल. वारकऱ्यानं पावलं वाहिली तर त्याला संधिवात होता असं म्हणाल का?

कानांचं तर आणखीच. कान वाहिला म्हणजे बहिरेपणाच असं नाही. तो देवाचा कान असू शकतो, 'माझं ऐक' म्हणून वाहिलेला. ग्रीक लेखांत देवांना 'ऐकणारा' असं विशेषण लावतात. इजिप्तमध्ये मेम्फिसला प्ताह देवापुढे ठेवलेल्या दगडी पाट्या मिळाल्यात, त्यांवर नुसते कानच कान कोरलेले. देवाला ऐकू जायला कान कमी पडू नयेत, एवढाच हिशेब.

इटलीतले अवयव साच्यातून काढलेले असत, एकाच साच्यातून कितीतरी. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात जाऊन 'एक डावा पाय द्या' म्हणत असणार. त्याच्या पायाचं माप कुणी घेत नव्हतं. त्यामुळे रोगनिदानाचा नाद सोडा.

———

डॉ_खडीसाखर

सोडला. 'एक डावा पाय द्या' हे वाक्य माझ्या शस्त्रक्रियागृहात भिंतीवर लावणार आहे.

———

वसईची_लेक

मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) पायऱ्यांवर हे दुकान आजही आहे की! बांद्र्याच्या जत्रेत सप्टेंबरात जाऊन बघा. मेणाचे हात, मेणाचे पाय, डोकं, बाळ हवं असेल तर बाहुली, घर हवं असेल तर घर. परदेशी जायचं असेल तर विमानसुद्धा मिळतं. आमच्या घरी आईच्या गुडघ्यासाठी दरवर्षी पाय घेतात. नुसता गुडघा मिळत नाही, पूर्ण पायच घ्यावा लागतो. वरचं साच्याचं वाचून म्हणूनच हसू आलं.

आणि रांगेत फक्त ख्रिस्ती नसतात. माझ्या पुढे गेल्या खेपेला हिरव्या चुड्यातल्या एक काकू होत्या, मागे बुरख्यातली मुलगी. दोघींच्या हातात बाहुल्या.

रानजाईताई, तुमचं निर्माल्य वाचून एक आठवलं. संध्याकाळी ते मेण पेट्यांत भरून नेताना पाहिलंय. लहानपणी मला वाईट वाटायचं, आपला पाय नेला म्हणून. बाबा म्हणायचे, अगं, माउलीनं बघितला, आता तो मेणच.

———

रानजाई

लेकी, बाबांना दंडवत! हेच अथेन्सच्या लोकांनी दगडावर कोरून ठेवलंय.

अथेन्समध्ये 'वैद्य वीर' नावाचं एक छोटं दैवत होतं. इ.स.पू. २२०च्या आसपासचा एक ठराव मिळालाय. देवळात वाहिलेल्या धातूच्या वस्तू साठल्यात, त्या वितळवून देवासाठी नवी सुरई करायची, असं ठरलं. पण वितळवण्यापूर्वी कुणी काय दिलं त्याची नावानिशी यादी दगडावर कोरायची. म्हणजे वस्तू गेली तरी नोंद राहिली. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर अस्क्लेपिओसचं देऊळ होतं, तिथल्याही अशा याद्या मिळाल्यात. त्यात अवयवांमध्ये डोळे भरपूर. चांदीचे डोळे त्यांच्याकडे एवढे यायचे, आणि मी आजीच्या डबीवर धागा काढतेय.

मातीचं पुरायचं आणि चांदीचं वितळवायचं. देवाकडेसुद्धा गरिबाची आठवण जास्त टिकली, कारण तिच्यात वितळवण्यासारखं काही नव्हतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण मला ते तिथे उभी असताना सुचलं नाही, आत्ता टंकताना सुचलं.

———

पश्चिम_वारा

एक शंका. आपल्या लेण्यांत यवनांनी (म्हणजे ग्रीकांनी) दिलेल्या दानांचे लेख आहेत ना? कार्ले, जुन्नर, नाशिक. मग ही अवयव वाहण्याची पद्धत त्यांनीच आपल्याकडे आणली असेल का? काळही जुळतो.

———

तिरकस_पेठकर

आली. वाटच बघत होतो. आता पुढचा प्रतिसाद 'ग्रीकांनीच आपल्याकडून घेतली' असा येईल.

———

खापरवेडा

वारा, शंका रास्त आहे, तिरकसपणाकडे लक्ष देऊ नका.

यवनांचे लेख आहेत हे बरोबर. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दिलेत. जुन्नरला पाण्याची टाकी दिलीत. नाशिकला इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं अख्खं लेणं दिलंय. नाव बघा, इंद्र आणि अग्नी! ही मंडळी इथे आल्यावर इथल्याच रीतीनं आणि इथल्याच भाषेत दान देत होती. आणि ते दान बौद्ध संघाला, पुण्यासाठी. त्यात दुखणं नाही, नवस नाही, 'माझा हात बरा कर' नाही. या लेखांवरून अवयवांची वाट काढता येत नाही.

माझं मत विचाराल तर अशा गोष्टी कुणी कुणाकडून आणाव्या लागत नाहीत. पाय दुखतो, देव समोर आहे, भाषा तोकडी पडते. मग माणूस पायच करून देतो. मेक्सिकोतही देतात. वाळवंटातून व्यापारी मार्ग शोधत बसू नका.

तुम्हाला अखंड धागाच हवा असेल तर तो भूमध्य समुद्रातच आहे. देव बदलले, पाय तेच राहिले. इ.स. ५व्या शतकात सीरियातल्या सायरस गावचा थिओडोरेट नावाचा बिशप अभिमानानं लिहितो की लोक आमच्या हुतात्म्यांच्या दर्ग्यांवर (शब्द माझा) डोळे, पाय, हात वाहतात, कुणी सोन्याचे, कुणी चांदीचे. अस्क्लेपिओस जाऊन फार दिवस झाले नव्हते. आजही तिनोस बेटावर १५ ऑगस्टच्या जत्रेत माउलीपुढे पत्र्यावर उठवलेले डोळे आणि पाय टांगतात. वसईच्या लेकीची मोत माउली याच घराण्यातली, पोर्तुगीजांबरोबर आलेली.

———

वसईची_लेक

आली पोर्तुगीजांबरोबर, पण आता गावची आहे हां.

———

खापरवेडा

शब्द मागे घेतो. गावचीच.

———

अर्धा_चहा

पण लोक बरे व्हायचे का हो? की नुसताच पाय टांगायचा आणि घरी? डॉक्टर?

———

डॉ_खडीसाखर

आपोआप बरी होणारी दुखणी भरपूर असतात, त्यावर आमचंही घर चालतं. बाकी तिथे काय करत होते हे मलाही हवंय. आणि हिपोक्रॅटिस कोस बेटाचा, अस्क्लेपिओसचं मोठं देऊळ कोसला. म्हणजे हा देवळातलाच वैद्य का?

———

रानजाई

डॉक्टर, कोसचं ते मोठं देऊळ हिपोक्रॅटिसच्या नंतरचं आहे, त्यामुळे तो तिथे शिकला ही गोष्ट जमत नाही. पण वैद्य आणि देव यांचं भांडण नव्हतं. अथेन्सचे सरकारी वैद्य वर्षातून दोनदा अस्क्लेपिओसला बळी देत. रोमन काळातला नामवंत वैद्य गॅलन स्वतःला त्या देवाचा सेवक म्हणवायचा, कारण तरुणपणी गळू झालं होतं त्यातून देवानं वाचवलं अशी त्याची श्रद्धा.

उपचार म्हणजे झोप. स्नान करायचं, नैवेद्य द्यायचा आणि रात्री देवळाच्या लांब ओसरीत जमिनीवर झोपायचं. स्वप्नात देव येतो, हात लावतो, कापतो, औषध घालतो. कधी साप येऊन चाटतो. सकाळी बरं. आमच्या सहलीतला दुसरा थांबा एपिडॉरस होता, तिथे ही ओसरी आता पुन्हा उभी केलीय. आणि तिथे १८८३ साली उत्खननात मिळालेल्या शिळांवर असे सत्तरेक अनुभव कोरलेत. इ.स.पू. ४थ्या शतकातले. मी ते अनुवादात वाचले आणि रात्री दोन वाजेपर्यंत हसत होते. थोडे सांगतेच.

अँब्रोसिया नावाची अथेन्सची बाई, एका डोळ्यानं आंधळी. आवारात फिरताना पाट्या वाचून हसते, लंगडे आणि आंधळे नुसत्या स्वप्नानं बरे होतात म्हणे! रात्री देव स्वप्नात येऊन सांगतो, बरा करतो, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. (पेठकर, ऐकताय ना?)

युफानेस नावाचा पोरगा, मुतखडा झालेला. देव विचारतो, तुला बरा केला तर काय देशील? पोरगा म्हणतो, दहा गोटे. म्हणजे जनावराच्या घोट्याची हाडं, आपल्या सागरगोट्यांसारखी खेळायची. देव हसतो आणि बरा करतो. सत्तर गोष्टींत मला ही सगळ्यात आवडली. पुजाऱ्यांनी हेही कोरायचं ठरवलं, की देव सागरगोट्यांवर भागवून घेतो.

थासोसचा हर्मोन आंधळा, बरा झाला आणि दक्षिणा न देताच निघून गेला. देवानं परत आंधळा केला. तो परत आला, परत झोपला, परत बरा. या वेळी दिली असावी.

आणि सगळ्यात भारी पंडारस आणि एकेडोरस. पंडारसच्या कपाळावर गोंदल्याचे डाग होते, तेव्हा गुलामांना आणि गुन्हेगारांना असे डाग देत. देवानं स्वप्नात कपाळाला फडकं बांधलं. सकाळी सोडून पाहतो तर डाग फडक्यावर उतरलेले. ते फडकं देवळात ठेवलं. पुढे त्यानं एकेडोरसच्या हाती देवासाठी पैसे पाठवले. एकेडोरसच्याही कपाळावर डाग होते. तो पैसे खिशात घालून झोपला. देव विचारतो, पंडारसनं काही दिलंय का? हा म्हणतो, छे, काही नाही. मग देवानं पंडारसचं तेच फडकं याच्या कपाळाला बांधलं आणि सांगितलं, झऱ्यावर तोंड धू आणि पाण्यात बघ. बघतो तर स्वतःचे डाग तसेच, वर पंडारसचेही!

———

अर्धा_चहा

नवसाचे पैसे खाल्ले की व्याजासकट. आमच्या भिशीच्या बायकांना वाचून दाखवतो.

———

तिरकस_पेठकर

ऐकतोय. चांदीचं डुक्कर परवडणार नाही, मातीचं चालेल का विचारा. पण रानजाई, हे तुम्हीच सिद्ध करताय. ज्या पाट्यांवर न मानणाऱ्यांची फजिती कोरलीय त्या पाट्या पुजाऱ्यांनीच लावलेल्या. ही जाहिरात झाली.

———

खापरवेडा

जाहिरातच. त्याबद्दल दुमत नाही. पॉसेनियस नावाचा प्रवासी इ.स. २ऱ्या शतकात तिथे गेला तेव्हा अशा सहा शिळा उभ्या होत्या, पूर्वी आणखी होत्या म्हणतो. येणारा माणूस रात्री झोपण्याआधी त्या वाचणार किंवा कुणाकडून ऐकणार. स्वप्नाची तयारी तिथेच होते.

पण पेठकर, जाहिरात म्हणून बाजूला सारू नका. जाहिरातीत गिऱ्हाईक दिसतं. देव बैल मागत नाही, दहा गोट्यांवर राजी होतो हे का कोरलं? कारण येणारे बहुतेक बैल देऊ न शकणारे. इ.स.पू. ३ऱ्या शतकातल्या एका छोट्या ग्रीक प्रहसनात दोन बायका अस्क्लेपिओसला कोंबडा घेऊन येतात आणि म्हणतात, देवा, बैल किंवा डुक्कर असतं तर तेच आणलं असतं, घरची स्थिती तशी नाही. शेवटी कोंबड्याची तंगडी देवळाच्या माणसाला आणि उरलेला घरी खायला. सॉक्रेटिसनं मरताना याच देवाचा एक कोंबडा देणं लागतो म्हणून आठवण करून दिली होती. तत्त्वज्ञ त्यावर अजून भांडतात. मला तो साधा गावचा माणूस वाटतो, देणं ठेवून जायचं नाही म्हणणारा.

———

वसईची_लेक

कोंबड्याची तंगडी पुजाऱ्याला! आमच्या बाजूच्या गावच्या जत्रेतला वाटा आठवला. नाव नाही घेत, भांडणं होतील.

———

डॉ_खडीसाखर

श्रीमंतांचे अवयव कुठे गेले मग? सगळे वितळले?

———

खापरवेडा

बहुतेक. म्हणून २०२२ साली इटलीत तस्कनीतल्या सान काशानो देई बान्यी इथे जे निघालं त्यावर सगळे उड्या मारत होते. गरम पाण्याचं कुंड, त्याच्या चिखलात २४ ब्राँझचे पुतळे, जोडीला हात, पाय, कान, आतडी आणि पाच हजारांच्या आसपास नाणी. इ.स.पू. २ऱ्या ते इ.स. १ल्या शतकातले पुतळे. चिखलानं इतके जपलेत की अक्षरं वाचता येतात, एट्रुस्कन (रोमनांआधीच्या तिथल्या लोकांची भाषा) आणि लॅटिन दोन्ही. एका बाजूला रोम एट्रुरिया गिळत होतं, तिकडे लढाया, आणि इकडे दोन्ही भाषांची माणसं एकाच कुंडात नवस सोडत होती.

पाण्यात सोडलेलं कुणी वितळवलं नाही. ५व्या शतकात ख्रिस्ती काळात कुंड बंद केलं, तेही तोडफोड करून नाही. देवळाचे मोठे खांब वर आडवे टाकून झाकलं आणि गेले. रानजाईच्या भाषेत, शेवटचं निर्माल्य विसर्जन करून वरून दगड ठेवला.

आणि डॉक्टर, तुमच्यासाठी एक. इटलीत मातीची गर्भाशयंही भरपूर मिळतात. वुल्ची इथल्या काहींची क्ष-किरण तपासणी केली तर आत मातीची छोटी गोळी निघाली. बाहेरून दिसत नाही. हलवली तर वाजत असेल. ती बाहेरून न दिसणारी गोळी कुंभारानं आत का घातली हे प्रत्येक बाईला सांगावं लागणार नाही.

———

डॉ_खडीसाखर

ही गोष्ट बायकोला वाचून दाखवली, ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, क्ष-किरणात दिसली ना? मग आम्ही वेगळं काय करतो.

———

पश्चिम_वारा

सुंदर धागा. माझी शंका मागे घेतली नाहीये, फक्त खिशात ठेवलीय.

———

रानजाई

चार दिवसांनी वर आणतेय, क्षमस्व. आईशी फोनवर बोलले.

डोळे आजीच्या धाकट्या दिरांसाठी होते. लहानपणी त्यांना देवी आल्या, डोळे जातील असं सगळ्यांना वाटलं. पणजीनं गावच्या देवीला चांदीचे डोळे बोलले. काकांचे डोळे राहिले. एवढं आईला ठाऊक आहे. फेडले की नाही ते नाही. आईचं म्हणणं, डबीत आहेत म्हणजे राहूनच गेले असणार, आणि आता तिला धास्ती लागलीय की फेडायचे राहिलेत. हर्मोनची गोष्ट मी चुकून तिला सांगितली, ते सांगायला नको होतं.

———

खापरवेडा

डोळ्यांची मागची बाजू बघायला सांगा.

———

रानजाई

मागची? म्हणजे?

———

खापरवेडा

गावच्या देवीचा तांदळा, म्हणजे मूर्ती न घडवलेला दगड, असेल तर चांदीचे डोळे मेणानं नाहीतर लाखेनं चिकटवतात. तांदळ्याला शेंदूर असतो. पुढची बाजू पुसली जाते, मागची कुणी घासत नाही. नवस नुसता बोललेला आहे की फेडलेला, हे कॉरिंथच्या पायावर कळत नाही, तुमच्या डोळ्यांवर कळू शकेल.

———

रानजाई

आईनं डबी उघडली. चष्मा लावून बघितलं, मग उजेडात नेऊन बघितलं. मागे केशरी काहीतरी आहे म्हणतेय, दोन्हींच्या खोलगट भागात, नखानं निघत नाही असं. आणि एकाला काळपट मेण.

म्हणजे वाहिले होते! मग घरी परत कसे आले?

———

वसईची_लेक

अंगावर काटा.

———

पश्चिम_वारा

आमच्या गावी शेंदराची खोळ, म्हणजे साठलेला जाड थर, एकदा आपोआप सुटून पडली होती. तेव्हा तिच्यात अडकलेले डोळे आणि टिकल्या गुरवानं ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिल्या, कुणाचं काय हे त्याला पाठ होतं. तसं काही झालं असेल. काकूंना सांगा, धास्ती नको, फिटलंय.

———

रानजाई

आईला सांगितलं. ती आता चिंच लावून डोळे स्वच्छ करायला बसतेय, देव्हाऱ्यात ठेवायचे म्हणून.

———

खापरवेडा

थांबवा त्यांना! तो शेंदूर पुसू नका. पुढून काय हवं ते करा, मागे हात लावू नका. आणि फोटो काढाल तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवा.